सावनेर–खापरखेडा भागात नव्या कोळसा खाणीच्या ईआयएसाठी (पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनासाठी) पाण्याचे नमुने किती ठिकाणांहून आणि कसे घ्यावेत?

आकडा नंतर ठरवा, आधी उतार बघा. खाणीभोवतीच्या 10 किमी परिघात आठ ठिकाणं घेतली आणि सगळी वरच्या अंगाला निघाली, तर तो डेटा कुचकामी. कोलार आणि कन्हान या नद्यांवर प्रस्तावित पाणी जिथे सोडणार त्याच्या वर एक आणि खाली एक नमुना हवाच. या पट्ट्यात जुन्या खाणी आणि औष्णिक केंद्रांचे राखेचे तलाव आधीपासून आहेत, म्हणून त्यांच्याही वर-खाली घ्या आणि तपासण्यांच्या यादीत बोरॉन व सल्फेट ठेवा. नाहीतर राखेचं पाप पुढे खाणीच्या माथी, किंवा उलटं. नायट्रेटही मोजा, संत्र्याच्या बागांना खत भरपूर पडतं.

ईआयएला पावसाळा सोडून एका हंगामाचा डेटा चालतो. पण खाणीतला उपसा सुरू झाला की पहिली तक्रार विहीर आटल्याची येते, पाणी बिघडल्याची नंतर. म्हणून पाणीपातळी मे आणि नोव्हेंबर, दोन्ही वेळा घ्या. मोजताना विहिरीच्या कठड्याची उंची वजा करायला विसरू नका: कठड्यावरून 11.40 मीटर आणि कठडा 0.75, तर जमिनीपासून पातळी 10.65. शेजारच्या शेतात रात्रभर मोटर चालली असेल तर सकाळचं माप खोटं, दुसऱ्या दिवशी जा.

बोअरचं साचलेलं पाणी काढून टाकावं लागतं. नियम तीन पट उपशाचा. 150 मिमी बोअरमध्ये 40 मीटर पाणी असेल तर ते सुमारे 700 लिटर, म्हणजे 2,100 लिटर उपसा. मोटर असेल तर ठीक. हातपंपावर हे कोणी करत नाही (आणि केल्याचं लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नका). तिथे बायका सकाळचं पाणी भरून गेल्या की पोचा आणि ईसीचे (पाण्याच्या विद्युतवाहकतेचे) लागोपाठ तीन आकडे जुळेपर्यंत हापसत राहा.

पीएच, तापमान, ईसी जागेवरच मोजा. कर्बवायू उडाला की संध्याकाळपर्यंत पीएच चढतो. डीओची (विरघळलेल्या प्राणवायूची) बाटलीही तिथेच रसायन घालून फिक्स करा.

सर्वात जास्त चुका बाटल्यांत होतात. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणायचा. साधारण लिटरला 2 मिली पुरतं, पण कडक पाण्याला जास्त लागतं, पीएचच्या पट्टीवर तपासा. हीच बाटली चुकून नायट्रेटला गेली की अहवालात आभाळाएवढं नायट्रेट येतं. विरघळलेलं लोह हवं असेल तर आम्लाआधी, तिथल्या तिथे 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. हातपंपाचं नितळ पाणी तासाभरात तांबूस होतं; लॅबमध्ये गाळलंत तर लोह फिल्टरवरच राहतं आणि आकडा कमी येतो. तेल-ग्रीससाठी वेगळी काचेची बाटली, नमुन्याने न विसळता. कोलिफॉर्म जिवाणूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली काठोकाठ भरू नका. बर्फात ठेवा, गोठवू नका. नागपूरची लॅब तासाभरावर आहे, तेव्हा नमुना त्याच दिवशी पोचलाच पाहिजे.

दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागेचा दुसरा नमुना) आणि एक कोरा नमुना (शुद्ध पाण्याचा) पाठवा. अहवाल आला की धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (आयनांचा विद्युतभार धरून मोजायच्या एककात) लावून बघा. फरक 5 टक्क्यांपर्यंत चालतो. सगळ्याच नमुन्यांत शून्य फरक आला, तर कोणीतरी आकडे बसवलेत असं समजा. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) हा ईसीच्या 0.6–0.7 पटीच्या आसपास नसेल तरी विचारा.

मे महिन्यात नाला कोरडा सापडला तर पुढच्या डबक्यातून बाटली भरू नका. तारीख, जीपीएस आणि फोटोसह ‘कोरडा’ असं लिहा. तीही नोंदच आहे.