‘मला काही झालं तर…’ म्हणणाऱ्या फौजीला गप्प करू नका

“मॅडम, ते असं अभद्र काऊन बोलतात? मनात काही वाईट तर नसेल ना?” हा प्रश्न मला बऱ्याच फौजींच्या घरून येतो. ही ताई नागपूरच्या मानेवाड्याची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना तिचा नवरा जम्मूकडे होता. १० मेला शस्त्रसंधी झाली, तरी तिला झोप नव्हती.

फोनवर त्याने आधी काटोलकडच्या वावरातली मोटर दुरुस्त झाली का विचारलं. संत्र्याचं पाणी चुकवू नको म्हणाला. आणि लगेच, “मला काही झालं तर विम्याचे कागद लोखंडी कपाटात आहेत. पोरीची शाळा बदलू नको.” हिने शपथ घालून त्याला थांबवलं. तेव्हापासून तो फक्त “जेवली का?” एवढंच विचारून फोन ठेवायचा.

ज्याला मोटरची आणि शाळेची काळजी आहे, त्याला मरायचं नाहीये. तो मागची सोय लावतोय. समोर गोळे पडत असताना हे मनात येणं भित्रेपणाही नव्हे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातही प्रत्यक्ष लढाईवरच्या सैनिकासाठी दोन साक्षीदारांसमोरच्या तोंडी मृत्युपत्राची तरतूद आहे (हिंदू, मुस्लिम, शीख, बौद्ध, जैनांना मात्र ती लागू नाही). हे ऐकून ती पहिल्यांदा नीट टेकून बसली. “म्हणजे सगळ्यांनाच येतं हे मनात?”

काळजी वेगळ्या बोलण्याची करायची. ‘जगण्यात अर्थ नाही’, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ असं तो म्हणू लागला, दारू वाढली, माणसं तोडू लागला, तर थांबू नका. युनिटच्या डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोचवा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

पुढच्या फोनला काय म्हणायचं, ते आम्ही दोघींनी बोलून पाहिलं: “त्या दिवशी मी तुमचं बोलणं तोडलं. सांगा, लिहून घेते.” पोरीची जुनी वही घेऊन ती बसली. कागदांचं दोन मिनिटांत संपलं. मग तो बोलतच राहिला. रात्री आघाडीवर डोळे मिटले की तो वावरातल्या संत्र्याच्या ओळी मोजतो, हे तिला तेव्हाच कळलं.

तिनेही मनातलं सांगितलं: काही झालंच, तर मी माहेरी जाणार नाही, वावर मीच पाहीन. हे त्याने कधी धरलंच नव्हतं. रजेवर आला की सासूसमोर बसून यावर बोलायचं ठरलंय.