शिनाण्याला डोकंच नसतं, मग जिंकतं कोण?

प्रश्न: डिसेंबरात वेंगुर्ल्याला खडपावर काळा-पांढरा, लांब लाल चोचीचा पक्षी बघितला, तिथल्या एकाने कालवफोड्या असं नाव सांगितलं. रात्री ताटात शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, होते. लेक म्हणाली, बाबा दोघंही प्राणीच ना, मग दोघांत सारखं काय? मला काही सांगता येईना. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: लेकीने बरोब्बर पकडलं तुम्हाला! सारखं फार थोडं आहे, कारण दोघांचे पूर्वज वेगळे होऊन 50 कोटींहून जास्त वर्षं झाली. पण एक गंमत सांगा तिला, शिनाण्याचं कवच आणि कालवफोड्याच्या अंड्याचं कवच दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचंच.

बाकी सगळा फरकच. हा पक्षी म्हणजे ऑयस्टरकॅचर, थंडीत मध्य आशियाकडून येणारा पाहुणा, आणि काही पक्षी तर 40 वर्षांच्या वर जगल्याची नोंद आहे. शिनाण्याला डोकं नाही, मेंदू नाही, नुसत्या मज्जातंतूंच्या गाठी, एकदा धाग्यांनी खडकाला चिकटला की बसल्या जागी पाणी गाळून खातो, दोन-तीन वर्षांचं आयुष्य. पण त्याला बिचारा वगैरे म्हणू नका हं, तो मिटला की तुम्ही हाताने उघडून दाखवा! आतला स्नायू जबरदस्त असतो.

खरी मजा इथेच आहे. इंग्लंडमधे एक्स (Exe) नावाच्या नदीच्या खाडीत या पक्ष्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, तिथला शिंपला शिनाण्याचा निळा भाऊबंद. काही पक्षी ठोकून ठोकून कवच फोडतात, तर काही टपून बसतात आणि शिंपला जरा उघडा दिसला की चोच आत खुपसून तो स्नायूच कापतात, मग काय, दार उघडंच. ठोकणाऱ्यांची चोच बोथट होते, खुपसणाऱ्यांची टोकदार राहते, आणि चोच सतत वाढत असल्याने खाणं बदललं की काही आठवड्यांत तिचा आकारही बदलतो. पिल्लांना हे लगेच जमत नाही, आईबाप बरेच दिवस भरवतात, हात बसायला तर वर्षं जातात. म्हणजे एक बिनडोक्याचा जीव नुसता मिटून बसतो आणि तेवढ्यासाठी दुसऱ्याला एवढी शाळा शिकावी लागते. मी तर शिनाण्याच्या बाजूने!

आणि हो, पुढच्या वेळी ताटात नीट बघा, आतलं मांस नारिंगी असेल तर मादी, पांढरट असेल तर नर. कालवफोड्याचं मात्र दुर्बिणीतून बघूनही पटकन सांगता येत नाही.