फँटसी आइस हॉकी लीगमध्ये खेळाडू कधी निवृत्त करावेत?

३६ वर्षं पूर्ण झाली की खेळाडू थेट बाद करावा, की रँडम नंबरवर सोडावं, असं तुम्ही विचारलंय. मी अशीच एक छोटी सिम्युलेशन लीग, म्हणजे काल्पनिक संघांची लीग, चालवतो. माझं मत: वयाची सरसकट अट नको.

खऱ्या एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, तरी ती कुठे आहे? गॉर्डी हाव १९७९-८० मध्ये हार्टफर्डकडून खेळताना ५२ वर्षांचा झाला. उलट माइक बॉसीची कारकीर्द पाठीच्या दुखण्यामुळे तिशीतच संपली. म्हणून ३५ पासून दरवर्षी वाढत जाणारी शक्यता ठेवा, गोलींना (गोलरक्षकांना) एक-दोन वर्षं जास्त द्या. निकाल मोसम संपल्यावर पण ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीच्या) आधी जाहीर करा, म्हणजे रिकामी जागा कशी भरायची ते मॅनेजरला ठरवता येईल.

पण भांडणं वयावरून होत नाहीत, करारावरून होतात. निवृत्तीबरोबर करारही पुसला जात असेल, तर चलाख मॅनेजर ३४ वर्षांच्या स्टारला सात वर्षांचा करार देणारच. वर्षं वाढली की दर वर्षाची सरासरी घटते, सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर) भार कमी पडतो, आणि शेवटची वर्षं कुणाला भरायचीच नसतात! व्हँकूव्हरने २००९ मध्ये गोली रोबेर्तो लुओंगोला १२ वर्षांचे ६.४ कोटी डॉलर दिले, तेही बरेचसे पैसे सुरुवातीच्या वर्षांत. २०१३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात लीगने ही पळवाट बुजवली: खेळाडू लवकर निवृत्त झाला तर आधी वाचवलेला भार संघाच्या कॅपवर परत येणार, आणि हे जुन्या करारांनाही लागू. पुढे लुओंगो फ्लोरिडाकडे गेला, २०१९ मध्ये तिथूनच निवृत्त झाला, तरी व्हँकूव्हरच्या कॅपवर तीन मोसम दरवर्षी सुमारे ३० लाख डॉलर बसले.

इतकं गणित हौशी लीगला झेपणार नाही. सोपं करा: पस्तिशीनंतर केलेला करार निवृत्तीनंतरही पूर्ण कॅपवर राहील, त्याआधीचा असेल तर उरलेल्या वर्षांचा अर्धा भार, आणि तो करार देणाऱ्या संघावरच, खेळाडू मध्ये विकला असला तरी. नियम मोसमाच्या मध्यात बदलू नका, जुन्या करारांना तर लावूच नका. एनएचएलने लावला आणि व्हँकूव्हरवाले अजून कुरकुरतात.

निवृत्ती मागे घेण्याची सोय मात्र ठेवू नका. मारियो लेम्यू १९९७ मध्ये थांबून २००० च्या डिसेंबरात परतला, हे कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच. पण तोवर तो आपल्याच पिट्सबर्ग संघाचा मालक झाला होता.