वेताची खुर्ची : टाकायची की विणायची?

प्रश्न : ताई, आजीची वेताची आरामखुर्ची माझ्या वाट्याला आली आहे. बैठकीची जाळी मधोमध खोल गेली आहे आणि पुढच्या कडेला चार-पाच पट्ट्या तुटल्या आहेत. घरचे म्हणतात, जुनाट झाली, टाकून दे, अगदी तशीच दिसणारी प्लॅस्टिकच्या वेताची नवी मिळते. माझं मन होत नाही. लोकांना आजही या जुन्या वेताची एवढी ओढ का वाटते? आणि ही खुर्ची दुरुस्त होईल का?
— एक वाचक

उत्तर : टाकू नका. होईल.

पुढच्या कडेला तुटली म्हणजे जाळीने तिचं काम केलं. बसता-उठता मांड्यांचा भार तिथेच घासतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त खुर्च्या तिथेच फाटलेल्या असतात, आणि त्यांच्या चौकटी मात्र ठणठणीत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. या खुर्चीत चौकटीचं आयुष्य वेगळं आणि जाळीचं वेगळं. जाळी झिजायची, काढायची, नवी विणायची, हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. झिजलेला भाग बदलून उरलेली वस्तू जशीच्या तशी वापरता येते, असं फर्निचर आता किती उरलंय?

व्हिएन्नातला फर्निचर बनवणारा मिखाएल थोनेट, त्याची 1859 सालची 14 क्रमांकाची खुर्ची पाहा. वाफेवर वाकवलेलं बीच या युरोपातल्या झाडाचं लाकूड, मोजके स्क्रू आणि बैठकीला वेताची जाळी. त्या काळातल्या खुर्च्या आजही वापरात आहेत, कारण त्यांची बैठक पुन्हा पुन्हा विणली गेली. 1928 मध्ये मार्सेल ब्रॉयर या फर्निचर रचनाकाराने पोलादी नळीची खुर्ची केली, तरी बसायला वेताची जाळीच ठेवली. मला ती खुर्ची फार आवडते. थंडगार पोलाद आणि अंगाखाली लवणारी, हवा खेळती ठेवणारी जाळी!

वेताला अनेक जण बांबूचा भाऊ समजतात. बांबू गवताच्या कुळातला, आतून पोकळ. वेत ताडा-माडाच्या कुळातला, काट्यांनी झाडाला धरून वर चढणारा आणि आतून भरीव. वाफ दिली की वळतो आणि गार झाल्यावर तोच बाक धरून राहतो. त्याची साल सोलून जाळीच्या पट्ट्या निघतात, आतल्या गाभ्याच्या गोल काड्या विणकामाला येतात. एकोणिसाव्या शतकात आशियातून अमेरिकेत जाणाऱ्या जहाजांत माल हलू नये म्हणून वेत कोंबत आणि बंदरावर फेकून देत. बॉस्टनच्या सायरस वेकफिल्डने तो 1840 च्या दशकात उचलला आणि त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

आता तुमची खुर्ची. ती उलटी करा. चौकटीत ओळीने भोकं दिसली तर जाळी हाताने विणलेली आहे. भोकांऐवजी सलग खाच आणि तिच्यात ठोकलेली वेताची पट्टी दिसली तर ती तयार जाळी. दुसरी बदलणं सोपं. पहिलीला वेळ लागतो, पण तिच्यातच माझा जीव रमतो : दोन उभे थर, दोन आडवे, दोन तिरपे आणि शेवटी कडेची पट्टी. चौथ्या थरापासून खरी वीण सुरू होते. तिरप्या पट्ट्या ओवल्या की चौकोनी भोकं एकाएकी अष्टकोनी दिसू लागतात. इतकी वर्षं विणूनही तो क्षण मला जुना वाटत नाही.

जाळी नुसती सैल असती तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं खालच्या बाजूने लावून रात्रभर वाळवायला सांगितलं असतं. सालीची वरची चकचकीत बाजू पाणी पीत नाही, म्हणून खालूनच. वाळताना वेत आखडतो आणि बैठक ताणली जाते. तुमच्या पट्ट्या मात्र तुटल्या आहेत, तेव्हा पूर्ण जाळी नवी विणावी लागेल. नुसत्या कडेला ठिगळ लावू नका, जुनी वीण शेजारीच तुटत जाते.

नवा वेत फिकट पिवळा दिसेल आणि जुन्या चौकटीशेजारी डोळ्यांना खुपेल. रंगवून घेऊ नका, जाळीवर व्हार्निशही नको, त्याने वेत कडक होऊन तडकतो. वापरता वापरता तो मधासारखा तांबूस होतो. हुबेहूब दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या वेताला हे कधीच जमत नाही, म्हणून घरच्यांचं म्हणणं मला पटत नाही.

विणायला देण्याआधी एक पाहा. चौकटीला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत का, खाली पिठासारखा बारीक भुगा पडतो का. पडत असेल तर आधी भुंगेऱ्याचा बंदोबस्त, मग जाळी. आणि विणून आल्यावर दोन दिवस कुणालाही तिच्यावर बसू देऊ नका, ओली वीण वाळून ताठ व्हायला तेवढा वेळ लागतो.