सांडपाण्याचं केंद्र आणि माझा बांध

प्रश्न : आमचं तालुक्याचं गाव झपाट्याने वाढतंय. नगरपरिषद माझ्या बांधालगत अद्ययावत मैलापाणी शुद्धीकरण केंद्र बांधणार आहे. ५० हजार लोकसंख्या धरली आहे म्हणे. आज तेवढे लोक नाहीत. वास येईल का? आणि एवढं मोठं हवं कशाला?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : वासाचं आधी सांगतो, कारण खरी काळजी तीच आहे. प्लांट नीट चालत असेल तर हवेच्या टाकीपाशी ओल्या मातीसारखा वास येतो, बस्स. सडक्या अंड्याची घाण येते ती मैला जिथे आत येतो त्या विहिरीपाशी आणि गाळ हाताळतात तिथे. या दोन जागा तुमच्या घराच्या बाजूला आहेत का, तेवढं नकाशात बघा. वारा कुठून येतो ते तुम्हाला इंजिनिअरपेक्षा जास्त ठाऊक.

आता आकार. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के गटारात जातं. म्हणजे ५० हजारांचे ५४ लाख लिटर. गणित चुकलेलं नाही, पण घरं भुयारी गटाराला जोडलेली हवीत ना! मी एका गावी नवा प्लांट सुरू करायला गेलो होतो. टाक्या चकचकीत, टाकीत हवा सोडणारे ब्लोअर कोरे, आणि घरोघरचे शोषखड्डे जसेच्या तसे. मैला येईना. पाणी शुद्ध करतात ते जिवाणू, म्हणून ते असलेला जुन्या प्लांटचा गाळ टँकरने आणून ओतला, शेण कालवून टाकलं. पण मैला हेच जिवाणूंचं अन्न. ते उपाशी मेले. लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवलं की तळाला निदान पाव भाग तरी तपकिरी गाळ बसायला हवा. आमचा बोटभरही बसेना. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हा तर चहाचा चोथा!" ब्लोअरचं वीजबिल मात्र पूर्ण येत होतं.

म्हणून केंद्राला विरोध करू नका, टप्पे मागा. एसबीआर पद्धतीत एकाच टाकीत पाणी भरणं, हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं स्वच्छ पाणी काढणं पाळीपाळीने होतं. नवी मुंबईत आणि पणजीला टोंक इथे हीच पद्धत आहे. टाक्यांची एक जोडी आज बांधता येते, दुसरीची जागा राखून ठेवता येते. सभेत एवढंच विचारा : पहिल्या वर्षी किती घरं जोडणार? उत्तरादाखल टाकीचा व्यास सांगू लागले तर समजून जा.

शुद्ध केलेल्या पाण्यावर आत्ताच लेखी हक्क मागा. नागपूरच्या भांडेवाडी केंद्राचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तुमचंही उद्या कुणीतरी मागेल. गाळ फुकट देऊ म्हणतील, पण त्यात जंतांची अंडी टिकून राहतात. तपासणीचा कागद बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात तर मुळीच घालू नका.