फेअर आयल पद्धतीचा दोन रंगांचा लोकरी स्वेटर छातीत घट्ट का बसतो आणि तो धुवावा कसा?

बहुतेक वेळा दोष मापाचा नसून मागून नेलेल्या धाग्यांचा असतो. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरील या विणकामात एका ओळीत दोनच रंग चालतात आणि वापरात नसलेला रंग टाक्यांच्या मागून ओढत न्यावा लागतो. तो ताणला गेला की कापड आक्रसते आणि नक्षी चुरगळल्यासारखी दिसते. म्हणून रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी नीट पसरून घ्यावेत, आणि धागा पाच टाक्यांहून लांब जात असेल तर मध्ये एकदा अडकवावा.

नमुन्याचा तुकडा नक्षीसह, गोल विणून, धुऊन आणि वाळवूनच मोजावा. दहा सेंटिमीटरमध्ये 24 टाके धरून 100 सेंटिमीटर घेरासाठी 240 टाके घातले आणि प्रत्यक्षात 26 बसले, तर घेर जेमतेम 92 सेंटिमीटर भरतो. अंगाच्या मापापेक्षा पाच ते आठ सेंटिमीटर सैल ठेवलेला स्वेटर सदऱ्यावरही सुखाने बसतो.

धुताना कोमट पाणी आणि लोकरीसाठीचा सौम्य साबण वापरावा, पण चोळू किंवा पिळू मुळीच नये, कारण उष्णता आणि घर्षण यांमुळे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून तिचा नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेला जाड थर होतो. गडद लाल धाग्याचा रंग सुटतो का, हे विणण्यापूर्वीच तो ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. स्वेटर टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवा पसरावा. दोरीवर टांगल्यास तो लोंबून ताणला जातो. कसर घामट कपड्याला आधी लागते, म्हणून धुऊन पूर्ण वाळल्यावरच तो घडी करून ठेवावा.