जुनी चौकट म्हणजे जुनं चित्र नव्हे

प्रश्न : मुलीला मुंबईत काळा घोडा भागातली कलादालनं दाखवायची आहेत. काही विकत न घेता आत गेलं तर चालतं का? चोर बाजारातून रविवर्मा प्रेसचं जुनं चित्रही घ्यायचंय, अमेरिकेतल्या बहिणीसाठी. फसवणूक कशी टाळू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अगदी खुशाल जा. जहांगीर कलादालन १९५२पासून तुमच्याआमच्यासाठीच उघडं आहे, तिकीटही नाही. बरेचदा चित्रकार स्वतःच तिथे बसलेला असतो. मुलीला त्याच्याशी बोलू द्या, ‘हा रंग कसा आणलात?’ एवढं विचारलं तरी तो मनापासून सांगतो. बाहेर फुटपाथवर मांडलेली चित्रं चुकवू नका.

आता चोर बाजार. मटण स्ट्रीटवर मी पहिली लक्ष्मी घेतली ती चौकट बघून. गंजके खिळे, मागे वाळवीची भोकं, कागद पिवळा. घरी येऊन भिंग लावलं, तर लक्ष्मीच्या गालावर रंगीत ठिपके एकसारख्या जाळीत बसलेले! ती हल्लीची ऑफसेट छपाई होती, जुन्या चौकटीत घातलेली. फार वाईट वाटलं मला.

रविवर्मांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं दगडावरून, एकेका रंगाचा वेगळा दगड करून छापलेली असायची. त्यामुळे भिंगाखाली रंगाचे कण वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ दिसतात. म्हणून भिंग पर्समध्ये ठेवाच. दुकानदाराला चित्र चौकटीतून काढायला सांगा. कडेच्या पट्टीखाली उजेड पोचत नाही, तिथला रंग सहसा ताजा राहतो. कागद सगळीकडे सारखाच पिवळा असेल तर मला शंका येते. खाली प्रेसचं नाव छापलेलं असतं, पण नक्कल छापणारा तेही छापतो, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. दुकानदार चित्र चौकटीतून काढायला नाही म्हणाला तर सरळ पुढच्या दुकानात जा.

बहिणीसाठी मात्र जुनं चित्र नकोच. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनसुद्धा. तिच्यासाठी जहांगीरबाहेरच्या एखाद्या चित्रकाराचं ताजं जलरंगातलं चित्र घ्या, आणि लक्ष्मी तुमच्या घरी राहू दे.

शुक्रवारी जाऊ नका. मटण स्ट्रीटची दुकानं त्या दिवशी बंद असतात.